विश्लेषण : परदेशी शिक्षणात भारत आघाडीवर, पण शंभरातले किती जातात?

भंडारा शहरातून साकोलीच्या दिशेने निघाले की वैनगंगेचा पूल ओलांडताच कारधा लागते. पावसाळ्यात या गावाचे नाव जिल्हाभर मोबाइलवर फिरते, कारण कारधा पुलाजवळ वैनगंगेची पातळी किती, यावर काठच्या गावांची झोप अवलंबून असते. आकडा कशाचा आहे, कुठे मोजला आणि धोक्याच्या पातळीपासून किती दूर आहे, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

गेली दोन-तीन वर्षे आणखी एक आकडा मोबाइलवर फिरतो आहे. परदेशात शिकणाऱ्यांमध्ये भारतीय विद्यार्थी सर्वाधिक, चीनलाही मागे टाकले, अशा मथळ्याखाली तो येतो. सोबत नागपूरच्या एखाद्या सल्ला केंद्राची जाहिरात असते. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाच्या घरात त्याचा अर्थ लगेच निघतो : सगळेच चालले आहेत, आपणच मागे राहिलो. पंचवीस-तीस लाखांच्या कर्जाचा विचार अनेकदा अशा समजातून सुरू होतो. म्हणून हा आकडाही पुराच्या आकड्यासारखाच तपासून घ्यायला हवा.

भारत नेमका कुठे पहिला?

सर्व देशांत मिळून नव्हे, तर अमेरिकेत. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांची वार्षिक मोजणी ‘ओपन डोअर्स’ या अहवालात प्रसिद्ध होते. २०२३-२४ च्या अहवालात भारतीय ३ लाख ३१ हजारांवर होते, चिनी २ लाख ७७ हजारांवर. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच भारत वर गेला. पुढच्या, म्हणजे २०२४-२५ च्या अहवालात भारतीयांचा आकडा ३ लाख ६३ हजारांवर पोहोचला.

यातले सगळेच वर्गात बसलेले नाहीत. शिक्षण संपल्यावर विद्यार्थी व्हिसावरच काही काळ नोकरी करण्याची मुभा अमेरिका देते. तिला ‘ओपीटी’ म्हणतात. ३ लाख ६३ हजारांपैकी सुमारे १ लाख ४३ हजार भारतीय या गटात होते, म्हणजे दहातले चार. पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या भारतीयांची संख्या त्याच वर्षी घटली. एकूण आकडा वाढला तो मागच्या वर्षांत गेलेले आता नोकरीच्या टप्प्यावर आल्यामुळे. मथळ्यात हे येत नाही.

जगभराचा हिशेब युनेस्को करते. २०२२ मध्ये स्वतःचा देश सोडून दुसऱ्या देशात उच्च शिक्षण घेणारे सुमारे ६९ लाख होते. त्यात चिनी दहा लाखांवर आणि भारतीय सहा लाखांच्या आसपास. म्हणजे या मापाने चीन बराच पुढे आहे आणि भारत दुसरा.

एकाच वर्षाचे तीन आकडे कसे?

गोंधळ इथेच सुरू होतो. २०२२ या एकाच वर्षासाठी भारताचे तीन आकडे सापडतात. युनेस्कोचा सहा लाखांच्या आसपासचा. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेला ९ लाख ७ हजारांचा. आणि इमिग्रेशन विभागाच्या नोंदींवरून दिलेला साधारण साडेसात लाखांचा. तिन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

कारध्याच्या भाषेत सांगायचे तर पुलाखालून दिवसभरात किती पाणी वाहून गेले हा एक आकडा. खाली गोसेखुर्दच्या धरणात आज किती पाणी साठले आहे, हा दुसरा. कुणी या दोन्हींची बेरीज किंवा तुलना करायला बसले, तर गावातले पोरही हसेल. इमिग्रेशनचा आकडा वाहत्या पाण्याचा आहे : त्या वर्षी शिक्षणासाठी म्हणून देशाबाहेर पडलेले किती. परराष्ट्र मंत्रालयाचा आकडा साठ्याचा आहे : सध्या परदेशात शिकत असलेले किती. युनेस्कोचाही साठ्याचाच, पण चाळण बारीक. पूर्ण अभ्यासक्रमासाठी गेलेलेच त्यात धरले जातात. सहा महिन्यांचा भाषावर्ग किंवा एका सत्राची देवाणघेवाण त्यात येत नाही. शिवाय युनेस्कोची भिस्त बरीचशी यजमान देश काय कळवतात यावर असते.

विमानतळावरची मोजणी कशी होते, हेही सरकारनेच संसदेत सांगितले आहे. प्रवासी तोंडी जो उद्देश सांगतो किंवा त्याच्याकडे ज्या प्रकारचा व्हिसा असतो, त्यावरून नोंद होते. त्यात ‘उच्च शिक्षण’ असा वेगळा रकाना नाही. मोजणी प्रस्थानाची असल्याने दिवाळीला घरी येऊन परत गेलेला विद्यार्थीही पुन्हा मोजला जाऊ शकतो.

अमेरिकेचे उदाहरण तर याहून गमतीचे आहे. युनेस्कोच्या चाळणीतून परदेशात शिकणारे अमेरिकन साधारण लाखभर दिसतात. पण एखाद्या सत्रापुरते इटली, स्पेन किंवा ब्रिटनला जाऊन येणारे अमेरिकन विद्यार्थी वर्षाला पावणेतीन लाखांहून अधिक असतात. त्यांना धरायचे की नाही, यावर अमेरिकेचा क्रमांक ठरतो.

शंभरातले किती, हे पाहिले तर?

चित्र उलटते. भारतात महाविद्यालये आणि विद्यापीठांत शिकणारे २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणानुसार ४ कोटी ३३ लाख होते. युनेस्कोचा आकडा धरला तर देशात शिकणाऱ्या दर शंभरामागे परदेशात शिकणारे दीडही भरत नाहीत. मंत्रालयाचा मोठा आकडा धरला तरी दोनच्या जरा वर. चीनचे प्रमाणही दोनच्या आसपासच आहे. अमेरिकेचे एकाहून कमी.

आता जर्मनी पाहू. सव्वा लाखाच्या आसपास जर्मन विद्यार्थी बाहेर शिकतात. संख्येने भारताच्या कितीतरी मागे, पण प्रमाण शंभरामागे चार. व्हिएतनामचे सहाच्या आसपास. आणि आपल्या शेजारच्या नेपाळचे? शंभरामागे वीसच्या घरात. परदेशी शिकायला जाण्यासाठी नेपाळमध्ये शिक्षण मंत्रालयाचे ना-हरकत पत्र लागते. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही आर्थिक वर्षांत अशी पत्रे लाखाच्या वर दिली गेली. तीन कोटी लोकसंख्येच्या देशासाठी हा आकडा प्रचंड आहे. ‘सगळेच चालले आहेत’ हे वाक्य काठमांडूत शोभते. भारताला ते लागू नाही.

प्रमाणाच्या यादीत अगदी वरच्या टोकाला लक्झेंबर्गसारखे छोटे श्रीमंत देश असतात. तिथे देशात शिकणाऱ्यांपेक्षा बाहेर शिकणारे जास्त आहेत. कारण सोपे आहे : त्या देशाचे विद्यापीठच २००३ मध्ये स्थापन झाले. पिढ्यान्‌पिढ्या तिथली मुले शेजारच्या बेल्जियम, फ्रान्स, जर्मनीत जात आली.

इथे अंतराचाही विचार करावा लागतो. म्युनिकचा मुलगा व्हिएन्नात शिकायला गेला तर तो ‘परदेशात’ मोजला जातो. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, भाषा तीच, चलन तेच, व्हिसा नाही. कारध्याची मुलगी पुण्याला शिकायला गेली तर ती साडेसातशे किलोमीटरहून अधिक दूर जाते, पण कुठल्याच जागतिक तक्त्यात तिची नोंद होत नाही. मोठ्या देशांचे प्रमाण कमी दिसते, त्यामागे हेही एक कारण आहे. देशातच बरेच पर्याय असतात आणि देशांतर्गत स्थलांतर कुणी ‘मोबिलिटी’ म्हणून मिरवत नाही. माझ्या मते भारताच्या क्रमांकाचा अभिमान किंवा चिंता करण्यापूर्वी एवढे तरी ध्यानात घ्यायला हवे.

उलट दिशेचा आकडा मात्र खरोखर चिंतेचा आहे. २०२१-२२ मध्ये भारतात शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी होते ४६ हजार ८७८, त्यातही चौथ्या हिश्शाहून अधिक नेपाळचे. म्हणजे एक आला तर साधारण एकोणीस गेले. जर्मनीत बाहेर जाणाऱ्यांपेक्षा येणारे जवळपास तिप्पट आहेत.

महाराष्ट्र कुठे आहे?

हाच नियम देशाच्या आत लावून पाहू. करोनापूर्वीच्या शेवटच्या वर्षात, २०१९ मध्ये, शिक्षणासाठी देशाबाहेर गेलेल्यांत पंजाब, आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्र आघाडीवर होते. पंजाबचे ७३ हजारांवर, महाराष्ट्राचे ६४ हजारांवर. वरवर पाहता जेमतेम फरक. पण २०११ च्या जनगणनेत पंजाबची लोकसंख्या पावणेतीन कोटींवर होती आणि महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटींच्या आसपास. लाख लोकसंख्येमागे पाहिले तर पंजाबमधून २६० च्या वर गेले, महाराष्ट्रातून साठही नाहीत.

आता राज्याची हीच सरासरी १२ लाख लोकसंख्येच्या भंडारा जिल्ह्याला लावली तर वर्षाला सहाशेहून अधिक मुले परदेशी जायला हवीत. भंडाऱ्यात कुणालाही हा आकडा सांगून पाहा. सरासरी मुंबई, पुणे, ठाण्याच्या खांद्यावर उभी असते, ती धानपट्ट्यातल्या गावाबद्दल फारसे काही सांगत नाही.

विदर्भातल्या गावांतून परदेशाची एक वेगळी वाट मात्र रुळली आहे, ती एमबीबीएसची. देशातल्या सरकारी जागा हुकल्या आणि खासगी महाविद्यालयाची फी आवाक्याबाहेर असली की रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जियाची नावे घरात ऐकू येऊ लागतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटले तेव्हा तिथून हजारो भारतीय विद्यार्थ्यांना परत आणावे लागले, त्यात महाराष्ट्रातलीही मुले होती. या वाटेवर जाण्याआधी एक आकडा भिंतीवर लिहून ठेवावा : परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांना इथे द्यावी लागणारी पात्रता परीक्षा बहुतेक सत्रांत तिसरा हिस्साही उत्तीर्ण होत नाही. ‘नीट’ पात्रता तर जाण्याआधीच लागते.

पैसा कुणाचा? शिष्यवृत्ती किती जणांना?

जागतिक तुलनांत हा रकाना सहसा नसतो आणि घरासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा.

सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. जागा ७५. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी स्वतंत्र योजना आहे, तिच्याही जागा ७५ पर्यंत वाढवल्या गेल्या. मराठा समाजासाठी ‘सारथी’मार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने ७५. आदिवासी, अल्पसंख्याक आणि खुल्या प्रवर्गासाठीही योजना आहेत, त्यांच्या जागा याहून कमी. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत संपूर्ण देशासाठी १२५ जागा आहेत, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. महाराष्ट्राच्या सगळ्या योजना एकत्र केल्या तरी बेरीज काही शेंच्या पुढे जात नाही. आणि एकट्या २०१९ मध्ये राज्यातून गेलेले होते ६४ हजार. बाकीच्यांची भिस्त घरच्या पैशावर आणि कर्जावर आहे.

शिष्यवृत्तीची शिडी पहिल्या पायरीलाच उंच आहे. अर्ज करण्यापूर्वी जागतिक क्रमवारीत वरच्या २०० मध्ये असलेल्या विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र हातात लागते. ते मिळवण्यासाठी ‘आयईएलटीएस’ द्यावी लागते, तिचीच फी सतरा-अठरा हजार. शिवाय प्रत्येक विद्यापीठाची अर्जाची फी वेगळी. म्हणजे शिष्यवृत्ती गरिबासाठी असली तरी दारापर्यंत पोहोचायला आधी पन्नासेक हजार खर्चावे लागतात, आणि तेही निवड होईल की नाही हे माहीत नसताना. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. २०२४ मध्ये ७५ टक्के गुणांची अट आणली गेली, तेव्हा विद्यार्थ्यांनी जोरदार विरोध केला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. ज्याच्या गावात बारावीला इंग्रजीचा नियमित शिक्षक नव्हता, त्याच्यासाठी ही अट म्हणजे दार लावून घेण्यासारखीच होती.

भंडाऱ्याला या विषयाची एक जुनी आठवण आहे. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथल्या लोकसभा पोटनिवडणुकीत उभे राहिले होते आणि पराभूत झाले होते. हेच बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले : महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. तिथून लंडनला गेले, पण मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातल्या नोकरीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. तेव्हाही शिष्यवृत्ती पूर्ण पुरली नव्हतीच.

शेत आहे, घर आहे, तरी तारण का नाही?

समजा, कारध्यातली एक मुलगी नागपुरातून बी.टेक. झाली. वडिलांची दोन एकर धानाची बांधी, गावठाणात पक्के घर. ब्रिटनमधल्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले, खर्च पंचवीस लाख. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आले नाही. आता बँक.

बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. त्यापुढे स्थावर मालमत्ता किंवा ठेव लागते. इथे गावातले कुटुंब अडते. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणजे कर्ज थकले तर या कायद्याखाली बँकेला शेत जप्त करून विकता येत नाही. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेली ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. पण तिचा दुसरा परिणाम असा, की मुलीच्या शिक्षणासाठी बाप सातबारा घेऊन गेला तर बँक तो बाजूला सारते. बिगरशेती प्लॉट किंवा शहरातली सदनिका आणा, असे सांगितले जाते.

मग घर? गावठाणातल्या घराचा कागद म्हणजे बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना ८. तो करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. बँकेचा वकील त्यावर सही करत नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मालमत्ता पत्रक दिले जाते. हे पत्रक हातात असेल तर निदान बोलणी सुरू होतात. परदेशी जायचा विचार पक्का नसला तरी ते आधीच काढून ठेवावे. वारसांची नावे लावणे, जुन्या मोजणीतली चूक दुरुस्त करणे यात महिने जातात आणि विद्यापीठ तेवढे थांबत नाही.

खासगी वित्तसंस्था विनातारण कर्ज देतात, पण व्याज जास्त, आणि सहकर्जदाराचे पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र मागतात. धान विकून घर चालवणाऱ्याकडे ते कुठून येणार? काही सरकारी बँका नामांकित विद्यापीठांच्या यादीपुरते मोठे कर्ज तारणाशिवाय देतात. तुमचे विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे प्रवेशाची अनामत भरण्यापूर्वी शाखेत विचारावे. २०२४ मध्ये आलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना ऐकायला सोयीची वाटते, पण ती देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे. परदेशासाठी ती लागू नाही आणि सल्ला केंद्रात हे नेहमी सांगितले जाईलच असे नाही.

जर्मनीकडे ओढा वाढतो आहे तो यामुळेच. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे ४९ हजारांवर भारतीय होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांची संख्या सर्वाधिक होती. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. पण ‘फुकट’ हा शब्द फसवा आहे. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्या-खाण्याचे ११ हजार ९०४ युरो बंद खात्यात आधी दाखवावे लागतात. आजच्या दराने ते बारा लाखांच्या घरात जातात. ते महिन्याला ठरावीक हप्त्याने आपल्यालाच परत मिळतात, पण आधी एकरकमी उभे करावे लागतात.

आता कल कुठे आहे?

ओघ आटतो आहे. शिक्षणासाठी देशाबाहेर पडणाऱ्यांची संख्या २०२३ मध्ये ८ लाख ९० हजारांवर गेली होती. २०२४ मध्ये ती ७ लाख ६० हजारांच्या आसपास आली, म्हणजे साधारण १५ टक्क्यांची घट. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. ब्रिटनने त्याच महिन्यापासून संशोधन सोडून इतर बहुतेक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्यास मनाई केली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. तिथली नोकरी गृहीत धरून कर्जाचा हप्ता ठरवलेल्या घरांना ही बातमी सर्वाधिक बोचली.

साठ्याचा आकडा मात्र अजून मोठाच दिसतो. परराष्ट्र मंत्रालयाने २०२४ साठी १३ लाख ३५ हजारांहून अधिक विद्यार्थी परदेशात असल्याचे सांगितले, त्यात कॅनडात ४ लाख २७ हजार आणि अमेरिकेत ३ लाख ३७ हजार. वरून येणारे पाणी कमी झाले तरी धरण लगेच उतरत नाही, तसेच हे आहे. पुढची एक-दोन वर्षे ‘विक्रमी’ आणि ‘घसरण’ असे दोन्ही मथळे एकाच आठवड्यात दिसतील. त्यातला कुठला प्रवाहाचा आणि कुठला साठ्याचा, एवढे पाहून मगच मुलामुलींच्या अर्जांचा विषय काढावा. राज्याच्या शिष्यवृत्तींच्या जाहिराती साधारण उन्हाळ्याच्या अखेरीस येतात, त्यामुळे आयईएलटीएस आणि प्रवेशपत्राची तयारी आदल्या दिवाळीपासून सुरू करावी लागते.